धावड्याचे भाऊबंद

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



समुद्राचं धुकं जंगलाला पाणी कसं पुरवतं, हा आजचा विषय. पत्रिकेत तो वाचून काहींच्या मनात आलंच असेल, की अकोल्या-अमरावतीत समुद्राचं काय काम? सुरतेचा किनारा अकोल्याहून सरळ रेषेत मोजला तरी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब आहे. पण आपलं पाणी रोज तिकडेच जातं. पूर्णा सातपुड्यातून उतरते, वऱ्हाडभर पश्चिमेला वाहते, चांगदेवाजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. आणि ज्या खोऱ्यातून आपलं पाणी खाली जातं, त्याच खोऱ्यातून पावसाळ्यात वारा वर येतो. सह्याद्रीची भिंत तापीच्या खोऱ्यापाशी मोडते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून अरबी समुद्राचा ओला वारा सरळ आत. जुलैत अकोटच्या शिवारात उभं राहिलं की तो पश्चिमेकडून अंगावर येतो. तेव्हा आपल्या वाट्याला समुद्र आलाय, पण हवेतून आलाय.

या वाऱ्यातल्या पाण्याविषयी मला एकच गोष्ट सांगायची आहे. पाऊस झाड असो नसो, पडतोच. धुकं पडत नाही, ते वाहतं. त्याच्या वाटेत कोणी उभं असेल तरच त्याचं पाणी होतं. नसेल तर ते तसंच पुढे जातं, आणि आपल्या मागून कोणतं पाणी निघून गेलं याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

आधी मापं सांगतो. पावसाचा थेंब मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठा असतो. धुक्याचा कण साधारण दहा-वीस मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. इतका हलका कण खाली येतो तो सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर, तेवढ्यात वारा त्याला कितीतरी मीटर पुढे घेऊन जातो. पाणीही फार नसतं. दाट धुकं धरलं तरी एका घनमीटर हवेत अर्धा ग्रॅम. दहा बाय दहाची खोली अशा धुक्यानं गच्च भरली, तरी त्यातून मोठा चमचाभर पाणी निघेल. मग यावर जंगल कसं जगायचं?

जगतं ते वाऱ्यामुळे. मध्यम धुकं धरा, घनमीटरला ०.२ ग्रॅमचं. वारा सेकंदाला ५ मीटरचा. मग एक चौरस मीटरच्या उभ्या चौकटीतून दर सेकंदाला ग्रॅमभर पाणी जातं, तासाला साडेतीन लिटरहून जास्त. त्यातला पाचवा हिस्सा फांद्यांनी अडवला तरी तासाला पाऊण लिटरच्या आसपास झालं, आणि मोठ्या झाडाचा वाऱ्याकडचा पसारा असा कितीतरी चौरस मीटर भरतो. हा हिशेब उभ्या मापाचा आहे. आपलं पर्जन्यमापक आडवं तोंड वर करून बसतं आणि वरून जे पडेल तेच मोजतं. बाजूनं वाहणारं पाणी त्याला दिसत नाही, म्हणून आपल्या सरकारी आकड्यांतही ते नाही.

अडवायला बारीक वस्तू लागते. वाऱ्याच्या वाटेत रुंद पाटी धरली तर हवा तिच्या कडेनं वळसा घालते आणि हलके कणही तिच्याबरोबर वळतात. बारीक काडीपाशी हवेला वळायला अंतरच मिळत नाही, कण सरळ जाऊन चिकटतात. परतवाड्याहून जुलैत मोटारसायकलनं चिखलदऱ्याचा घाट चढलेल्यांना हे शिकवायला नको. वर पोचेतो पाऊस नसतानाही भुवया, मिशा आणि स्वेटरची लव पांढऱ्या थेंबांनी भरलेली असते. सुईसारखी पानं, लव असलेली पानं, शेवाळाचे धागे, कोळ्याचं जाळं या सगळ्यांचं काम तेच.

याचा पहिला गाजलेला प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. केपटाऊनच्या टेबल माउंटनवर समुद्राकडून येणारा ढग टेबलावर चादर घातल्यासारखा पसरतो. रुडॉल्फ मार्लोथ या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०२ च्या डिसेंबर अखेरीपासून तिथे दोन पर्जन्यमापकं ठेवली. एक उघडं. दुसऱ्यावर तिथल्याच बोरूसारख्या गवताची जुडी उभी केलेली. ५६ दिवसांनी उघड्यात ४.९७ इंच पाणी निघालं, जुडीवाल्यात ७९.८४ इंच. सोळापट! लोकांनी शंका काढल्या, वाऱ्यानं तिरपा आलेला पाऊसही जुडीनं अडवला असणार असं म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा दोन डब्यांचा प्रयोग मला आजही फार आवडतो. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

कॅलिफोर्नियाचा दाखला सगळे देतात, तो मी थोडक्यात आटोपतो. तिथल्या किनाऱ्यावर रेडवुडची झाडं आहेत, जगातली सर्वांत उंच, शंभर मीटरच्याही वर जाणारी. तिथे उन्हाळा कोरडा असतो. पण किनाऱ्याजवळचा समुद्र थंड, त्यामुळे त्यावरून येणारी दमट हवा गार होऊन धुकं होतं आणि ऐन उन्हाळ्यात डोंगरांत शिरतं. टॉड डॉसन या शास्त्रज्ञांनी तीन वर्षं मोजमाप करून १९९८ मध्ये दाखवलं, की त्या जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सरासरी ३४ टक्के पाणी झाडांनी धुकं गाळून खाली टाकलेलं असतं. पावसाचं पाणी आणि धुक्याचं पाणी वेगळं ओळखायचं कसं? धुक्याच्या पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे जड अणू थोडे जास्त असतात, उंच गार ढगांतून आलेल्या पावसात कमी. झाडाच्या खोडातलं पाणी काढून त्याचं वजन तपासलं की कोणतं पाणी कुठलं ते कळतं. उन्हाळ्यात खुद्द रेडवुडच्या अंगातलं सुमारे १९ टक्के पाणी धुक्याचं निघालं, आणि त्याच्या सावलीतल्या झुडपांच्या, नेच्यांच्या अंगातलं तब्बल ६६ टक्के. मोठं झाड पाणी अडवतं आणि लहान झाडं ते पितात. मोठं झाड तोडलं तर लहानांची विहीर आटते.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. कोकण किनाऱ्यावर असं धुकं का नाही? कारण आपल्याकडचा समुद्र उबदार आहे. मे महिन्यात त्याचं पाणी २९-३० अंशांवर असतं. अशा पाण्यावर हवा गार होत नाही, उलट तापून वर चढते, उंच ढग होतात आणि धो धो पाऊस पडतो. महाबळेश्वरला, आंबोलीला आपण ज्याला धुकं म्हणतो तो डोंगराला टेकलेला पावसाळी ढग आहे.

पण हाच अरबी समुद्र आणि हाच नैर्ऋत्य मोसमी वारा पलीकडच्या काठावर काय करतो ते पाहण्यासारखं आहे. ओमानच्या दक्षिणेला ढोफार नावाचा प्रांत आहे, त्याचं मुख्य शहर सलाला. तिथे मोसमी वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. त्या थंड पाण्यावरून येणारी हवा लगेच धुकं होते. तिच्या डोक्यावर मात्र अरबी वाळवंटाची तापलेली कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते, म्हणून ढगाला उंच वाढता येत नाही आणि मोठा पाऊस पडत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलालामागचे डोंगर या धुक्यात बुडालेले असतात, झिमझिम चालू असते. तिथे या हंगामाला खरीफ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला तो शब्द सांगायला नको. तीन बाजूंना वाळवंट, आणि मध्ये समुद्राच्या तोंडावर डोंगराची एक हिरवी पट्टी. दुबई-अबुधाबीचे लोक त्या हंगामात गाड्या काढून तिथे धुकं बघायला जातात, जसे आपण चिखलदऱ्याला जातो.

आणि त्या हिरव्या पट्टीत मुख्य झाड कोणतं? धावड्याचा सख्खा भाऊ. आपला मेळघाटातला धावडा म्हणजे अ‍ॅनोजिसस लॅटिफोलिया, तिकडचा अ‍ॅनोजिसस ढोफारिका. (वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे हे सगळं कुळ उचलून ऐन, हिरडा, बेहडा यांच्या गोत्रात नेऊन बसवलंय. मेळघाटातल्या कोरकू माणसाला विचारलं असतं तर त्यानंही झाडाचा चेहरा पाहून काही वेगळं सांगितलं नसतं.) एवढ्यावर भागत नाही. त्याच डोंगरांच्या मागच्या बाजूला, जिथे धुकं पोचत नाही आणि फक्त कोरडी हवा पोचते, तिथे ऊदाची झाडं आहेत. बॉसवेलिया सॅक्रा. हजारो वर्षं ज्याचा डिंक देवळांत, चर्चांत जळतो आहे ते झाड. ते आपल्या सालईचं भावंड, बॉसवेलिया सेराटाचं. म्हणजे नरनाळ्याच्या उतारावर शेजारीशेजारी उभे असलेले धावडा आणि सालई, यांची एकेक पाती अरबी समुद्राच्या त्या काठालाही नांदते आहे. धावड्याच्या पातीनं धुकं घेतलं, सालईच्या पातीनं ऊन घेतलं. डिंकाचे लाडू खाताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

ढोफारच्या या जंगलाचा अभ्यास अँके हिल्डब्रँट आणि एल्फातिह एल्ताहिर या दोन संशोधकांनी केला, त्यांचा निबंध २००६ मध्ये आला. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. इतक्या कमी पावसात इथे झाड उभंच कसं? उत्तर असं, की झाड आपल्या पसाऱ्यानं ढगातलं पाणी गाळतं, ते बुंध्यापाशी जमिनीत मुरतं, आणि धुकं उठून गेल्यावर झाड त्या ओलीवर पुढचे काही महिने काढतं. झाड आहे म्हणून पाणी आहे आणि पाणी आहे म्हणून झाड आहे. इथेच मेख आहे. त्या डोंगरांत उंट, गाई, शेळ्यांची चराई फार वाढलीय. झाड चरून-तुटून गेलं की तिथे गवत येतं. गवत बुटकं, वारा त्याच्या डोक्यावरून जातो, ते धुकं फारसं गाळत नाही. जमिनीत पूर्वीइतकं पाणी जात नाही. मग पुढे कधी गुरं हटवली तरी नव्या रोपाला उभं राहायला लागणारं पाणीच तिथे नसतं. हवा तीच, धुकं तेच, आणि जंगल परत येत नाही.

मला हे वाचल्यापासून वृक्षारोपणाच्या सरकारी आकड्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहायची सवय लागली आहे. कापलेल्या झाडाबदली दुसरीकडे रोप लावलं की हिशेब जुळला, असं आपण धरतो. काही जागी जुनं झाड हीच पाण्याची सोय असते, आणि तिथे रोपाला वाढवायला आधी तेच झाड लागतं.

आता वारा समुद्र ओलांडून इकडे आला. चिखलदऱ्याचं धुकं होतं कसं, याचा सोपा हिशेब आहे. हवेचं तापमान आणि तिचा दवबिंदू यांच्यात जितक्या अंशांचा फरक, तितके सव्वाशे मीटर वर ढगाचा तळ. समजा श्रावणातल्या एका दुपारी अकोल्यात २९ अंश तापमान आहे आणि दवबिंदू २४. फरक पाचाचा. ढगाचा तळ शहराच्या वर सव्वासहाशे मीटर. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, म्हणजे तळ नऊशे मीटरच्या आसपास. चिखलदरा आहे १११८ मीटरवर, शेजारचं वैराट त्याहूनही उंच. तेव्हा त्या दुपारी गावीलगडाचं पठार ढगाच्या पोटात दोनशे मीटर आत आहे. अकोल्यातून उत्तरेला पाहणाऱ्याला डोंगरावर ढग बसलेला दिसतो, चिखलदऱ्याच्या भीमकुंडापाशी उभ्या असलेल्याला हातभर अंतरावरचं दिसत नाही. दोघंही एकच वस्तू पाहताहेत.

हे धुकं मेळघाट जगवतं का? नाही. कॅलिफोर्नियात आणि ढोफारमध्ये धुकं येतं तेव्हा दुसरं पाणी नसतं किंवा फार थोडं असतं. आपल्याकडे धुकं पावसाबरोबरच येतं. चिखलदऱ्याचा पाऊस अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि मेळघाटचा साग-धावड्याचा रानपसारा त्या पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर उभा आहे. मार्चमध्ये सागाची पानं झडतात तेव्हा धुकं कुठेच नसतं. सिपना, गडगा, खापरा या नद्या आटतात त्या महिन्यांत चिखलदऱ्याचं आकाश स्वच्छ असतं. म्हणूनच कोणी उत्साहानं म्हणतं, की चिलीसारख्या धुकं धरणाऱ्या जाळ्या चिखलदऱ्याला उभारा, उन्हाळ्यातले टँकर बंद होतील, तेव्हा मी नाही म्हणतो. चिलीत चुंगुंगो नावाच्या कोळ्यांच्या गावाला १९९० च्या दशकात खरोखर जाळ्यांनी पाणी पुरवलं, कारण तिथे पाऊस जवळपास नसतो आणि धुकं वर्षातले बरेच दिवस असतं. आपल्या जाळ्या भरतील त्या ऑगस्टमध्ये, तळी सांडत असताना.

मग पठारावर धुकं करतं काय? ते दोन पावसांमधला खंड भरतं. श्रावणात आठवडाभर उघाड पडली की खाली पूर्णेच्या काठी कपाशी माना टाकते. वर ढग बसलेला असेल तर पानावर ओल राहते, ऊन पोचत नाही, झाड आपल्या अंगचं पाणी फारसं सोडत नाही. ज्यांना मुळंच नाहीत किंवा मुळं मातीत नाहीत, त्यांचं तर सगळं यावरच चालतं. काळ्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या जातभाईंचं उदाहरण घ्या. ही शैवाकं हवेतून ओल घेतात. फांद्यांवरची ऑर्किडं, खडकांवरचे नेचे, शेवाळ, हे सगळं कोरड्या पानझडी जंगलाच्या मध्यावर एवढ्या उंचीपाशीच दाट होतं. चिखलदऱ्याला सावलीतली कॉफी होते, तीही याच गार ओलसर हवेमुळे. ही जीवसृष्टी थोडक्या जागेत आहे. गावीलगडाच्या कड्यापासून पठाराच्या दक्षिण-पश्चिम कडेला, जिथे वर चढणारा वारा पहिल्यांदा झाडाला भिडतो तिथे. आणि नेमकी तीच जागा दरी दिसते म्हणून हॉटेलाला, पॉइंटला आणि पार्किंगला हवी असते. पर्यटन नको असं मी म्हणत नाही. बांधकाम शंभर मीटर आत घ्या आणि कडेचं झाड उभं ठेवा, एवढंच म्हणतो.

खाली मैदानात दुसरीच कथा आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा आहे, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीचं पाणी खारं, ते दिलं तर जमीन बिघडते. म्हणून मूग काढायचा आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर हरभरा पेरायचा, ही तिथली जुनी रीत. हरभरा दवावर येतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. यात खरं किती? चांगल्या रात्री दव पडतं ते मिलिमीटरचा दशांश-दोन दशांश. ०.२ मिलिमीटर म्हणजे एकरी आठशे लिटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण अशा साठ रात्री मिळाल्या तरी एकूण १२ मिलिमीटर होतात, आणि हरभऱ्याला त्याच्या कितीतरी पट लागतं. पीक येतं ते मातीतल्या ओलीवर. दव एवढंच करतं, की सकाळचं पहिलं ऊन पानावरचं पाणी उडवण्यात खर्च होतं आणि तेवढा वेळ झाडाला आपलं पाणी सोडावं लागत नाही. कोरड्या वर्षी ते तास-दोन तासही कामाचे असतात.

हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि त्या लवेतून आंबट रस पाझरतो, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचा. पहाटे दवात तो उतरतो. पूर्वी रात्री शेतावर धोतराचं स्वच्छ फडकं पसरून सकाळी ते पिळायचे आणि ती आंब पोटदुखीवर बाटलीत भरून ठेवायचे. जगात धुकं-दव गोळा करण्याच्या ज्या आधुनिक तऱ्हा सांगतात, कच्छमध्ये कोठाऱ्याला अहमदाबादच्या गिरजा शरण यांनी छपरांवरचं दव धरण्याचे जे प्रयोग केले, त्यांच्याच ओळीत मी आपल्या आजीचं हे फडकं बसवतो. तिला पाणी नको होतं, आंब हवी होती, एवढाच फरक.

आणि हिवाळ्यातल्या धुईचे गुण गाताना तुरीवाल्यासमोर गाऊ नयेत हेही सांगतो. फुलोऱ्यात आलेल्या तुरीवर चार दिवस सलग धुई बसली की फुलं गळतात, हरभऱ्यावर घाटेअळीचं फावतं, आंब्याच्या मोहोरावर भुरी येते. हे धुकं समुद्राकडून आलेलं नसतं. थंड रात्री जमिनीनं आपली उष्णता सोडली की तिला लागूनच तयार होतं. जंगलाला जे हवं ते शेताला प्रत्येक वेळी हवं असेलच असं नाही.

आता मार्लोथचे डबे. चिखलदऱ्याचं, नरनाळ्याचं धुकं झाडांवाटे जमिनीला किती पाणी देतं, हे मोजायला उपग्रह लागत नाही. तीन पर्जन्यमापकं लागतात. एक उघड्यावर. दुसरं पठाराच्या पश्चिम कडेच्या जांभळाच्या किंवा हिरड्याच्या पसाऱ्याखाली. तिसरं त्याच जातीच्या झाडाखाली, पण कडेपासून अर्धा किलोमीटर आत, जिथे वाऱ्याचा जोर मोडलेला असतो. वेधशाळेच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यायचं, शेजारी वाऱ्याची दिशा आणि ढग किती वेळ बसला होता ते लिहायचं. मार्लोथवर जो आक्षेप आला, तिरप्या पावसाचा, तो आपल्याकडे अधिकच येईल, कारण आपलं धुकं पावसात मिसळलेलं. त्यावर तोड एकच. ज्या सकाळी उघड्या मापकात काहीही नाही, फक्त त्याच सकाळचे आकडे वेगळे काढायचे, आणि त्यातही आदल्या पावसाचं पानांवरचं पाणी ठिबकून संपलं असेल अशा दुसऱ्या दिवसापासूनचे. श्रावण-भाद्रपदात अशा सकाळी पुरेशा मिळतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, अमरावतीच्या विद्यापीठात हे करू शकणारी मुलं आहेत, आणि मेळघाटात रोज त्या कडेनं गस्त घालणारे वनरक्षक आहेत. तीन पावसाळे सलग वाचनं घेतली, की कडेचं एक झाड तोडल्यावर किती लिटर पाणी डोक्यावरून निघून जातं ते बांधकामाच्या परवानगीच्या फायलीत आकड्यानं लिहिता येईल. पुढच्या जूनपासून सुरुवात करायची असेल तर डबे एप्रिलमध्ये, वाट कोरडी असताना, वर न्यावे लागतील.